कौटुंबिक मोटार – नवी की वापरलेली? : घसारा, माहिती आणि मालकी यांच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना

घराच्या खालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार होय. परंतु या दोन खरेदींच्या रीतीत मोठा भेद आढळतो. घर घेताना वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला जातो, मिळकत पत्रिका तपासली जाते, बँकेचा मूल्यनिर्धारक प्रत्यक्ष येऊन पाहणी करतो. मोटार घेताना, विशेषतः ती वापरलेली असेल तर, गल्लीतून एक फेरी, बॉनेट उघडून दोन मिनिटांचे निरीक्षण आणि ‘ॲव्हरेज किती देते?’ हा एकमेव प्रश्न एवढ्यावर काही लाखांचा व्यवहार उरकतो. घराची किंमत बहुधा वाढत जाते आणि मोटारीची निश्चितपणे घटत जाते हे लक्षात घेता, खरे तर जास्त चिकित्सा दुसऱ्या व्यवहारात व्हावयास हवी.

‘नवी घ्यावी की जुनी?’ हा प्रश्न सामान्यतः किमतीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो वेगळ्या रीतीने मांडला आहे. नवी मोटार घेणारा मूल्याची घट स्वीकारतो. ती घट मोठी असते, पण आधीच ठाऊक असते. वापरलेली मोटार घेणारा ती घट बऱ्याच अंशी टाळतो आणि तिच्या जागी अज्ञान स्वीकारतो. यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या कुटुंबाला पेलवेल, यावर निवड अवलंबून असावयास हवी.

टंचाईच्या काळातील समजूत

आजच्या साठीच्या पुढच्या पिढीच्या मनात मोटारीविषयी काही कल्पना घट्ट रुजलेल्या आहेत. त्यांचे मूळ परवाना पद्धतीच्या काळात सापडते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर यांपलीकडे सामान्य खरेदीदाराला फारसा पर्याय नव्हता आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ताबडतोब मिळणाऱ्या वापरलेल्या गाडीला त्यामुळे असाधारण भाव येई. ज्या वस्तूचा पुरवठाच रोखलेला आहे, तिला घसारा फारसा लागत नाही. ‘गाडी म्हणजे मोडीतही पैसे देणारी वस्तू’ ही समजूत तेव्हा अगदीच निराधार नव्हती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि १९९१ नंतर अनेक परदेशी उत्पादक देशात आले. त्यानंतर ही परिस्थिती पालटली. नवी मोटार हवी तेव्हा मिळू लागली, दर चार-पाच वर्षांनी नवे मॉडेल येऊ लागले आणि जुन्या मॉडेलचे मोल उतरू लागले. २००१ मध्ये मारुतीने ‘ट्रू व्हॅल्यू’ या नावाने वापरलेल्या मोटारींच्या विक्रीची व्यवस्था सुरू केली. नातेवाईक, शेजारी, गॅरेजवाला आणि दलाल यांच्यापुरता असलेला हा व्यवहार त्यानंतर हळूहळू दुकानात आला. ॲम्बॅसॅडर व मारुती ८०० या दोन्हींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यांच्या काळात तयार झालेली समजूत मात्र अद्याप थांबलेली नाही.

घसाऱ्याचा हिशोब

मोटारीचा घसारा किती असतो, याचा एक अधिकृत अंदाज विमा पॉलिसीत पाहावयास मिळतो. विम्यासाठी मोटारीचे जे घोषित मूल्य धरतात, त्यासाठीच्या प्रचलित कोष्टकानुसार पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के, चार वर्षांपर्यंत ४० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजावट केली जाते. पाच वर्षांनंतरचे मूल्य उभयपक्षी संमतीने ठरते. बाजारभाव याच कोष्टकाप्रमाणे चालतो असे नाही. लोकप्रिय मॉडेल याहून चांगला भाव राखते आणि उत्पादन बंद पडलेले मॉडेल याहून वेगाने खाली येते. शिवाय हे कोष्टक उत्पादकाने ठरवलेल्या विक्री किमतीवर लागू होते. नोंदणीच्या वेळी भरलेला एकरकमी वाहनकर, विमा आणि इतर आकार यांची रक्कम त्यात नसते. महाराष्ट्रात दहा लाख रुपयांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीवर हा एकरकमी कर ११ टक्के आहे. जुनी मोटार घेणाऱ्याला त्याचा उरलेल्या वर्षांचा लाभ वेगळे पैसे न मोजता मिळतो. मात्र ती मोटार महाराष्ट्रात नोंदलेली हवी. परराज्यातील मोटार आणल्यास ना हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि येथील कर हा सर्व व्याप नव्याने करावा लागतो. स्वस्त दिसणाऱ्या परराज्यातील मोटारींचा भाव बोलताना ही रक्कम बहुधा कोणी उच्चारत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊन हिशोब मांडता येईल. नवी मोटार सर्व खर्चासह ९ लाख रुपयांना घेतली आणि पाच वर्षांनी ती ४ लाख ५० हजारांना विकली, असे धरू. मूल्यातील घट ४ लाख ५० हजार, म्हणजे वर्षाला ९० हजार रुपये. त्याच मॉडेलची चार वर्षे वापरलेली मोटार ५ लाखांना घेतली आणि आणखी पाच वर्षांनी २ लाख ४० हजारांना विकली, तर घट २ लाख ६० हजार, म्हणजे वर्षाला ५२ हजार रुपये होते. प्राध्यापकाच्या कुटुंबाचा वापर महाविद्यालयापर्यंतची ये-जा, बाजारहाट आणि वर्षातून दोन-तीन वेळा गावी जाणे एवढा असेल, तर तो वर्षाला साधारण ८ हजार किलोमीटर धरता येईल. म्हणजे केवळ घसारा नव्या मोटारीचा किलोमीटरमागे ११ रुपये २५ पैसे आणि जुनीचा ६ रुपये ५० पैसे पडला. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ‘ॲव्हरेज’ १६ किलोमीटर धरल्यास इंधनाचा खर्च किलोमीटरमागे सुमारे साडेसहा रुपये येतो. कमी फिरणाऱ्या कुटुंबाच्या नव्या मोटारीत इंधनापेक्षा घसारा पावणेदोन पट आहे. तरीही दुकानात पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज’चाच विचारला जातो, कारण पेट्रोलचे पैसे दर आठवड्याला खिशातून जातात आणि घसाऱ्याचे पैसे पाच वर्षांनी एकदम, तेही न दिसता जातात.

जुन्या मोटारीचा हिशोब मात्र येथे संपत नाही. चार ते नऊ वर्षे या वयात टायर, बॅटरी, क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, एअर कंडिशनरची दुरुस्ती असे खर्च क्रमाने येतात. त्यासाठी पाच वर्षांत नवीपेक्षा १ लाख रुपये जास्त लागतील असे धरले, तर वर्षाला २० हजारांची भर पडून जुनीचा खर्च ७२ हजारांवर जातो. म्हणजे फरक उरला वर्षाला १८ हजार आणि पाच वर्षांत ९० हजार रुपये. अडकून पडणाऱ्या भांडवलावरील व्याज मोजले, तर हा फरक वाढतो. दोन्ही मोटारी कर्जाने घेतल्या, तर जुन्या मोटारीच्या कर्जावरील चढा व्याजदर त्यातील काही भाग परत घेतो. मुख्य मुद्दा असा की, सदर ९० हजार रुपये ही या व्यवहारातील सर्व सुरक्षित पुंजी आहे. इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे एक मोठे काम निघाले की ती नाहीशी होते.

याच उदाहरणात तिसरी शक्यता तपासणे उद्बोधक ठरेल. नवी मोटार पाचऐवजी बारा वर्षे वापरली, १ लाख २० हजारांना विकली आणि उत्तरार्धातील वाढीव दुरुस्तीसाठी दीड लाख खर्च झाले, तर घसारा व दुरुस्ती मिळून वार्षिक खर्च साडेसत्त्याहत्तर हजार रुपये येतो. तो जुन्या मोटारीच्या खर्चापेक्षा केवळ साडेपाच हजारांनी जास्त आहे. सारांश, महाग पडते ती दर पाच वर्षांनी नवी मोटार घेण्याची सवय. ज्या घरात वस्तू टिकवून वापरण्याची रीत आहे, त्या घराने नवी घेतल्यास फार मोठे नुकसान होत नाही आणि पूर्वीच्या मालकाने काय केले असेल ही चिंता मात्र कायमची टळते. तसेच ज्यांचा प्रवास वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या घरात आहे, उदाहरणार्थ तालुक्याच्या गावी नोकरी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी घर अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांच्यासाठी आधीच लाखभर किलोमीटर चाललेली मोटार घेणे बहुधा हितावह नसते.

नव्या मोटारीची किंमत बदलली की जुनीचा भाव आपोआप हलतो, हेही ध्यानात घ्यावयास हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के अधिक १ टक्का उपकर यावरून १८ टक्के झाला. करपूर्व किंमत १०० रुपये धरली, तर मोटार १२९ रुपयांवरून ११८ रुपयांवर आली, म्हणजे सुमारे साडेआठ टक्के स्वस्त झाली. त्याआधीच्या महिन्यात ज्यांनी वापरलेली मोटार घेतली, त्यांच्या मोटारीचे मोल ती अंगणात उभी असतानाच उतरले.

माहितीची विषमता

वापरलेल्या मोटारीच्या बाजारावर अर्थशास्त्रातील एक अत्यंत प्रसिद्ध निबंध आधारलेला आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता, ही बाब महाविद्यालयीन संशोधकांना दिलासा देणारी आहे. पुढे २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकी बोलीत सदोष मोटारीला ‘लेमन’ म्हणतात. निबंधाच्या शीर्षकात तोच शब्द आहे. त्यातील युक्तिवाद सोपा आहे. मोटार चांगली की वाईट हे विक्रेत्याला माहीत असते, ग्राहकाला नसते. त्यामुळे ग्राहक सरसकट मध्यम भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या मोटारीचा मालक विकावयास तयार होत नाही आणि वाईट मोटारीचा मालक आनंदाने तयार होतो. परिणामी बाजारात वाईट मोटारींचे प्रमाण वाढते, ग्राहक भाव आणखी पाडतो आणि उरलेल्या चांगल्या मोटारीही निघून जातात.

या युक्तिवादातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, मोटार का विकली जात आहे हा प्रश्न तिच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. परदेशी बदली, कुटुंब वाढणे, वृद्धापकाळामुळे वाहन चालवणे बंद होणे ही कारणे मोटारीच्या गुणवत्तेशी संबंधित नाहीत. अशा विक्रीत चांगली मोटार मिळण्याचा संभव अधिक असतो. वर्ष-दीड वर्षातच विक्रीस आलेली आणि कारण धड न सांगता येणारी मोटार संशयास पात्र ठरते. दुसरी गोष्ट अशी की, माहिती जिथे आधीच उपलब्ध आहे तिथे बाजारभावापेक्षा थोडे जास्त देणेही परवडते. ज्या सहकाऱ्याची मोटार सहा वर्षे महाविद्यालयाच्या आवारात रोज पाहिली, तिचा इतिहास अर्धाअधिक आधीच माहीत असतो.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार काही अपवाद वगळता वस्तूच्या दर्जाची गर्भित हमी विक्रेत्यावर येत नाही. पाहून घेण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. व्यवसाय म्हणून मोटारी विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. शेजाऱ्याने आपली मोटार विकली तर तो मार्ग सहसा मोकळा नसतो. म्हणून दुकानातून घेतलेली मोटार महाग पडली, तरी त्या वाढीव रकमेत हमी, दाद मागण्याची सोय आणि कागदपत्रांची जबाबदारी यांचे मोल असते. दुकानदार ती खरोखर लेखी देतो किंवा कसे, एवढे मात्र आधी पाहावे.

तपासणी : पाणी, अपघात आणि आकडे

महाराष्ट्रात वापरलेली मोटार घेणाऱ्याने सर्वप्रथम पाण्याचा विचार करावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण येथे हीच आपत्ती ओढवली. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास विमा कंपनी मोटार संपूर्ण हानी झालेली समजते. अशा मोटारी भंगाराच्या भावाने विकल्या जातात. त्यांतील काही धुऊन-पुसून, आतील आच्छादने बदलून पुन्हा बाजारात, बहुधा दूरच्या जिल्ह्यात, येतात. यांत्रिक भाग दुरुस्त होतात. विद्युत तारांच्या जोडांमध्ये शिरलेला ओलावा मात्र महिन्यांनी, कधी वर्षाने त्रास देऊ लागतो. आजच्या मोटारीत एअरबॅग, ब्रेक आणि इंजिन या सर्वांचे नियंत्रण याच तारांवर असल्याने हा दोष केवळ खर्चाचा न राहता सुरक्षिततेचा होतो.

बुडालेली मोटार ओळखण्याच्या खुणा मात्र बऱ्यापैकी खात्रीच्या आहेत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या भागावर गाळाचा डाग आहे का ते पाहावे; तो भाग धुण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. सीटच्या रुळांवरील व डॅशबोर्डखालच्या पट्ट्यांवरील गंज, स्टेपनीच्या खळग्यातील माती, दिव्यांच्या काचेच्या आत साचलेली वाफ आणि काचा बंद करून दहा मिनिटे उभ्या केलेल्या मोटारीत येणारा कुबट वास या त्या खुणा होत. सुगंधी फवारा जरुरीपेक्षा जास्त मारलेला असेल, तर तीही खूणच समजावी.

अपघाताच्या खुणा रंगात आणि बोल्टवर राहतात. दिवसाच्या उजेडात शेजारच्या दोन पत्र्यांच्या रंगछटेत फरक दिसणे, दरवाजा व बॉनेट यांच्या फटी असमान असणे, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरील रंग उडालेला असणे यांवरून डेंटिंग-पेंटिंगचे काम कळते. किरकोळ खरचट काढण्यासाठी केलेला रंग आक्षेपार्ह नाही; पुढील सांगाड्याला दिलेले वेल्डिंग आक्षेपार्ह आहे. हा भेद मिस्त्रीच सांगू शकतो. म्हणून व्यवहाराशी ज्याचा संबंध नाही असा स्वतःचा मिस्त्री सोबत नेणे आणि त्याच्या वेळेचे पैसे रीतसर देणे आवश्यक ठरते. फुकट केलेल्या तपासणीत मिस्त्रीलाही स्पष्ट बोलण्याचा संकोच वाटतो.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, अंकीय मापकातही. त्यामुळे तो आकडा इतर पुराव्यांशी ताडून पाहणे हाच उपाय उरतो. टायरच्या कडेवर चार अंकी संकेत असतो. पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष दर्शवतात. २०२१ च्या मोटारीवर पंचवीस हजार किलोमीटर दिसत असताना चारही टायर २०२४ चे असतील, तर पहिले टायर एवढ्या लवकर का संपले, हा प्रश्न विचारावयास हवा. क्लच व ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले आणि स्टीअरिंगचे आवरण घासलेले, परंतु आकडा मात्र लहान, ही विसंगतीही बोलकी असते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींत प्रत्येक भेटीचे किलोमीटर लिहिलेले असते. मालकाने संमती दिल्यास त्या पाहता येतात. संमती देण्यास तो टाळाटाळ करू लागला, तर मोटार पाहण्याचे काम तेथेच थांबवलेले बरे.

उत्पादनाचे वर्ष का महत्त्वाचे?

मोटारीच्या वयापेक्षाही ती कोणत्या वर्षी तयार झाली, हा प्रश्न काही बाबतीत निर्णायक ठरतो. चाके जखडू न देणारी ब्रेक यंत्रणा, म्हणजे ए.बी.एस., एप्रिल २०१९ पासून सर्व मोटारींत अनिवार्य झाली. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि पुढील दोन्ही आसनांसाठी जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या स्वस्त प्रकारांत ही साधने नसण्याचीच शक्यता अधिक. शाळेत जाणारी मुले ज्या मोटारीतून प्रवास करणार, तिच्याबाबत पन्नास हजार रुपये वाचवण्यासाठी ही रेषा ओलांडून मागे जाणे समर्थनीय वाटत नाही. नोंदणीचे वर्ष आणि उत्पादनाचे वर्ष वेगळे असू शकते, हेही पडताळून घ्यावे; प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना व वर्ष दिलेले असते.

इंधनाच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनंतरच्या डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी मोटार अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. घर ते महाविद्यालय चार किलोमीटर एवढाच ज्यांचा नित्याचा प्रवास आहे, त्यांच्याकडे ही गाळणी तुंबते आणि खर्चात पाडते. अशांनी जुनी डिझेल मोटार केवळ दणकट दिसते म्हणून घेऊ नये. दुसरी बाब पेट्रोलची. २०२५ पर्यंत देशात वीस टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोल सर्वत्र मिळू लागले. २०२३ पूर्वीच्या अनेक मोटारींची रचना मात्र दहा टक्के मिश्रण गृहीत धरून केलेली होती. उत्पादकाच्या पुस्तिकेत याचा उल्लेख असतो. जुन्या मोटारीच्या इंधन नळ्या व रबरी जोड यांची तपासणी त्यामुळे अधिक काटेकोरपणे करणे इष्ट.

खासगी मोटारीची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणीत योग्य ठरल्यास ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये करण्यात आले आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही आकारला जातो. दहा वर्षांची मोटार घेणारा वस्तुतः पाच वर्षांचा वापर विकत घेत असतो. भाव ठरवताना याच दृष्टीने पाहिले, तर अनेक ‘स्वस्त’ मोटारी तितक्या स्वस्त राहत नाहीत.

कर्ज आणि विमा

वापरलेल्या मोटारीवरील कर्जाचा व्याजदर सर्वसाधारणपणे जास्त व मुदत कमी असते. पगारदार व्यक्तीने त्याऐवजी आपल्या पतसंस्थेचा दर विचारून पाहावा. पूर्वीच्या मालकाचे कर्ज फिटले असले, तरी नोंदणी प्रमाणपत्रावरील बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ सादर करून तो उतरवावा लागतो. बोजा उतरण्यापूर्वी पूर्ण रक्कम देणे धोक्याचे आहे.

विम्यात दोन गैरसमज आढळतात. ‘नो क्लेम बोनस’ ही सवलत मोटारीची नसून मालकाची असते. विक्रेत्याची ५० टक्क्यांची सवलत खरेदीदाराला मिळत नाही. विक्रेत्याने ती प्रमाणपत्राच्या रूपाने स्वतःकडे राखून ठेवावी, नव्या मोटारीसाठी ती तीन वर्षांपर्यंत वापरता येते. दुसरा गैरसमज अधिक महाग पडतो. मोटार विकली गेली की कलम १५७ नुसार तृतीय पक्षाच्या हानीपुरता विमा नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या मोटारीच्या हानीचा विमा तसा जात नाही. चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून तो नावावर करून घ्यावा लागतो. पॉलिसीवर जुने नाव आणि प्रमाणपत्रावर नवे नाव अशा स्थितीत मोटार ठोकली गेल्यास दावा फेटाळला जातो व तो फेटाळणे कायद्याला धरूनच असते.

नाव कोणाचे?

वापरलेल्या मोटारीच्या व्यवहारात सर्वांत कमी वेळ दिला जातो तो नाव बदलण्याला, आणि सर्वांत मोठी जोखीम तेथेच असते. विशेष म्हणजे ही जोखीम विकणाऱ्याची असते. कायद्याच्या दृष्टीने मोटारीचा मालक म्हणजे ज्याच्या नावे ती नोंदलेली आहे तो. पैसे कोणी दिले, चावी कोणाकडे आहे, याने फरक पडत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हीच भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. त्या प्रकरणातील मोटार नोंद न बदलता एकामागून एक हातांत गेली होती. २००९ मध्ये तिच्यामुळे जीवघेणा अपघात झाला, तेव्हा नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणी पुस्तकात नाव राहिलेल्या मूळ मालकावर ठेवण्यात आली. मोटार विकून त्याला सुमारे दोन वर्षे झाली होती.

अधिनियमाच्या कलम ५० नुसार त्याच राज्यातील व्यवहार असेल, तर विक्रेत्याने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवावयाचे असते आणि खरेदीदाराने तीस दिवसांत अर्ज करावयाचा असतो. नमुना २९ व नमुना ३० हे त्यासाठीचे अर्ज. बाजारात त्यांना ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. दलाल अनेकदा यांवर कोऱ्या सह्या घेतो आणि मोटारीचे पुढील गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते खणात ठेवतो. तेवढ्या काळात मोटार कोण चालवतो, हे विक्रेत्याला ठाऊक नसते, जबाबदारी मात्र त्याचीच राहते. या प्रकारास आळा घालण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत मोटारींच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत प्रमाणपत्राची तरतूद झाली. अशा विक्रेत्याकडे मोटार सोपवून त्याची सूचना विहित नमुन्यात दिली की तो मोटारीचा मानीव मालक ठरतो. मोटार विकावयास देताना हे प्रमाणपत्र पाहण्याचा आग्रह धरणे कोणालाही शक्य आहे.

नियमांचा उपयोग दुकानात होईल. प्राध्यापक कक्षात होणाऱ्या व्यवहाराचे दुखणे निराळे आहे. तेथे मोटारीविषयीची माहिती सर्वांत चांगली असते आणि कागदपत्रे सर्वांत ढिली. निवृत्त होणारे सर आपली मोटार धाकट्या सहकाऱ्याला देतात. रक्कम दोन हप्त्यांत ठरते. ‘नावाचे काय, सवडीने करू’ असे एक जण म्हणतो आणि दुसऱ्याला आग्रह धरणे अप्रशस्त वाटते. सत्र परीक्षा येते, मूल्यमापन येते, दिवाळी येते. दरम्यान सिग्नल तोडल्याचे ई-चलान सरांच्या मोबाइलवर जाते आणि तेही भिडेपोटी काही बोलत नाहीत. ज्येष्ठाचा मान राखावयाचा असेल, तर खरे म्हणजे धाकट्यानेच पहिल्या आठवड्यात अर्ज भरून त्यांच्यापुढे ठेवावा.

नोंदीतील मालक हयात नसेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. वडिलांच्या नावावरील मोटार मुलाने थेट विकणे योग्य नव्हे. वारसाने मृत्यूची सूचना तीस दिवसांत प्राधिकरणाला द्यावी व तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ द्वारे मोटार स्वतःच्या नावावर करून घ्यावी, मगच विक्री करावी. सांत्वनाला गेलेल्या घरी हा विषय काढणे अवघड असते. पण ती मोटार घ्यावयाची ठरलीच, तर खरेदीदाराने थोडे थांबावे आणि वारस नोंदीचा खर्च स्वतः देऊ करावा. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर मोटारीचा क्रमांक घालून नोंदणी, विमा, बोजा व थकीत दंड यांची स्थिती पाहता येते. ती पाहून झाली की मोटार ताब्यात घेताना दोन प्रतींत पावती करावी आणि तीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. त्या दिवशी दुपारी साडेचारपर्यंत मोटार कोणाकडे होती, हे पुढे कधी तरी सिद्ध करावे लागू शकते.